चष्मेवाल्या रेड्याचे उपकार

त्या दिवशी पाऊस नसता, तर मी एका अनोळखी मुलाला तोंडावर रेडा म्हटलं नसतं.

आमच्या पाडांग शहराला पावसाचं काही अप्रूप नाही. पण त्या दिवशी छत्री वसतिगृहातच राहिली होती. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या उनी एतींच्या चहाच्या टपरीत मी धावत शिरले आणि बाकावरच्या एकुलत्या एका रिकाम्या जागेवर बसून ओले केस पिळले. निम्मं पाणी शेजारच्या मुलाच्या, अंडं फेटून घातलेल्या चहात गेलं.

"अय्या... सॉरी हं!"

"असू दे." त्याने चष्मा वर सरकवला. "चहा तसाही फार घट्ट होता."

मी हसणारच होते, तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"एक रेडा आहे," मी म्हटलं. "माझ्या मागे लागलाय."

मग सगळं ओकून टाकलं. प्रादेशिक इतिहासाच्या आमच्या बाई, बू नुर्हायदा, यांनी यंदा परीक्षेऐवजी ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायला सांगितले होते. मी लिहिला जमाआनवर. जमाआन म्हणजे माझ्या आईच्या आजीचा भाऊ. गावातल्या मुलींच्या हाती पाटी द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा त्याने आमच्या खांबांवर उभ्या धान्याच्या कोठाराखाली बसवून त्यांना लिहा-वाचायला शिकवलं. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईने कधी अंगठा उठवला नाही, तो त्याच्यामुळे. आणि ज्ञानकोशावरचा कुणी 'चष्मेवाला रेडा' नावाचा तपासनीस माझ्या प्रत्येक वाक्यापुढे 'संदर्भ हवा', 'संदर्भ हवा' असे शिक्के मारत सुटला होता. आता तर त्याने लेखाच्या डोक्यावर पाटीच लावली होती — छापील पुरावा न मिळाल्यास पुढच्या शुक्रवारी लेख काढून टाकण्यात येईल.

"मार्क गेले तर गेले हो," मी म्हटलं. "पण त्या माणसाचं नाव कुठेच नाही. आता होतं, तेही पुसणार."

"फारच नालायक दिसतो हा रेडा," तो गंभीरपणे म्हणाला.

"नाहीतर काय! त्याला स्वतःचं आयुष्य नसणार. आईने जेवायला हाक मारली तरी म्हणत असेल, संदर्भ हवा!"

उनी एती किटली धरून तोंड फिरवून हसत होत्या. का हसताहेत, ते मला तेव्हा कळलं, जेव्हा त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. झाकणावर चिकटवलेलं चित्र होतं... चष्मा लावलेल्या रेड्याचं.

"अफदाल," तो म्हणाला. "शेवटचं वर्ष. आणि आई हाक मारते तेव्हा मी लगेच जातो."

धरणी दुभंगली असती तर बरं, असं वाटलं. ती काही दुभंगली नाही. मग मी उलट भांडायला लागले.

"मग ती पाटी काढा!"

"नाही काढता येणार." आवाज मऊ होता, पण शब्द ठाम. "तू म्हणतेस ते खरंच असेल. पण उद्या कुणी खोटंही लिहील, तेव्हा त्याला कुठल्या तोंडाने अडवू? पुरावा शोधायला मदत मात्र करतो. चालेल?"

चालेल, असं मी घुश्शातच म्हटलं. आणि चहा त्यानेच पाजला, माझ्या केसांचं पाणी न पडलेला.

पुढचे दिवस आम्ही ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं उपसली. पिवळे कागद, कापराचा वास, खिडकीबाहेर पाऊस. जमाआन नावाचे तांदळाचे व्यापारी सापडले, एक चोरही सापडला. आमचा जमाआन कुठेच नव्हता. पण मी मान मोडून वाचत असले की टेबलावरचा दिवा हळूच माझ्याकडे सरकायचा. मी वर बघितलं की तो पानात डोकं घालून बसलेला.

"उदा, तुला नीट दिसतंय ना?"

"मला चष्मा आहे," तो म्हणायचा.

उदा म्हणजे दादा. पण आमच्याकडे बायको नवऱ्यालाही उदाच म्हणते, एकच हाक दोघांना पुरते. ती मी नक्की कुठल्या अर्थाने मारतेय, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

शनिवारी मावसबहीण देस्मीचं गावी लग्न होतं. लेखासाठी कोठाराचा फोटो हवा, या निमित्ताने मी त्यालाही नेलं. पोचल्या पोचल्या मावशीने त्याला गाठलं, ताटात मसालेदार मांसाचं रेंदांग वाढलं आणि थेट विचारलं, "कूळ कोणतं रे तुझं?"

आमचं कूळ तांजुंग. एका कुळात लग्न होत नाही, आणि तो नेमका तांजुंग निघाला असता तर...

"सिकुंबांग," तो म्हणाला.

"हं," मावशी माझ्याकडे बघत म्हणाली. "बरं आहे. वाढ गं त्याला अजून."

मी इतक्या जोरात श्वास सोडला की शेजारची बाई वळून बघायला लागली.

जेवणं झाल्यावर नवरदेवाला मांडवात उभं केलं होतं. अफदालने कॅमेरा उचलला आणि मोठ्याने हाक दिली, "रोनाल! इकडे बघ!"

मावशी तरातरा पुढे आली. "रोनाल कोण? आत्ताच त्याची गाला पुकारली ना? सुतान मुदो म्हणायचं आता! जावई आहे तो. नावाने हाक मारायचे दिवस संपले त्याचे!"

अफदाल कानापर्यंत लाल झाला. बिचारा जकार्तात वाढलेला. लग्नात मिळालेल्या किताबाने, गालेने, पुरुषाला आयुष्यभर ओळखतात, हे त्याने ऐकलं असेल, पण जिभेला सवय नव्हती. आपल्या आईच्या घरी मात्र तो म्हातारा झाला तरी जुन्याच नावाने...

मी त्याला तिथेच सोडलं आणि आईकडे धावले.

"आमाक! जमाआनची गाला काय होती?"

"मालिन सांपोनो. का गं?"

"कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस? आणि आपल्या घरात त्याला मालिन सांपोनो कोण म्हणणार? घरचा मुलगा तो!"

म्हणजे सारं गाव, सारं जग त्याला ज्या नावाने ओळखत होतं, ते नाव सोडून मी त्याला शोधत बसले होते. अफदाल कॅमेरा घेऊन ओशाळा उभा होता. मी सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात धरले. "उदा, तू चुकलास! देवा, किती छान चुकलास!"

सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आधी आम्ही दारात. दुपारपर्यंत सापडलं. दोन बोटांएवढी बातमी — कोठाराखाली मुलींची शाळा चालवणारे मालिन सांपोनो, बालपणीचे नाव जमाआन, यांचा गावाने सत्कार केला. मी वाचायला लागले आणि मला पुढे वाचताच येईना. अफदालने उरलेलं वाचून दाखवलं.

"थँक यू," मी म्हटलं. "तू शिक्के मारले नसतेस ना, तर मी त्याला अर्ध्याच नावाने ओळखलं असतं."

त्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

लेख बचावला. पाटी निघाली. पण शुक्रवारी वर्गात बू नुर्हायदांनी पडद्यावर लेखाचं चर्चा-पान उघडलं आणि त्या थांबल्या. तिथे कालच्या तारखेने लिहिलं होतं — 'यापुढे हा लेख दुसऱ्या कुणी तपासावा. या लेखिकेबाबत मी तटस्थ नाही. प्रयत्न केला, जमलं नाही. — चष्मेवाला रेडा.'

"नियमाप्रमाणे जाहीर केलंय मुलाने," बू चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या. "येल्मी, उत्तर द्यायची पद्धत आहे हं."

वर्गाने बाकं बडवली. मी सगळ्यांसमोर टाइप केलं — 'संदर्भ हवा.'

वर्ग सुटला तेव्हा पाऊस कोसळत होता. उनी एतींच्या टपरीत तो उभा होता, नखशिखांत भिजलेला, हातात छत्री तशीच मिटलेली.

"पुरावा द्यायला आलो," तो म्हणाला. "छापील नाहीये पण..."

"छत्री असून भिजलास?"

"उघडायचं लक्षातच नाही आलं."

"चालेल," मी म्हटलं. "हा पुरावा चालेल."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "येल... मला तू आवडतेस. आता मी काय करायचं असतं? मला इथल्या रीती नीट ठाऊक नाहीत."

"तू काहीच करायचं नसतं. आमच्या गावात मुलीकडचे येतात."

उनी एतींनी न सांगता दोन अंड्याचे चहा पुढे ठेवले. तेवढ्यात आईचा फोन आला. गावात सगळ्यांनी लेख वाचला होता. मावशीने तर तो मोठ्याने वाचून दाखवला होता, कोठाराखाली बसून. आई थोडी रडली, मी थोडी रडले. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "कूळ विचारून झालंय त्या मुलाचं. पान-सुपारी घेऊन तुझ्या मामाला पाठवू का, त्याची गाला काय ठरवताहेत ते विचारायला?"

अफदाल चहा ढवळत माझ्याकडे बघत होता. लग्नानंतर माझ्या घरात त्याला अफदाल या नावाने कुणीच हाक मारणार नव्हतं. सगळ्यांना नवी गाला पाठ करावी लागणार होती. मला मात्र नवं काहीच शिकायचं नव्हतं... मी त्याला उदाच म्हणणार होते.

"परीक्षा होऊ दे," मी म्हटलं. "मग पाठव, आमाक."