पंख्यातल्या पाकळ्या

प्रफुल्ल पहिल्यांदा दुकानात आला तो कॉम्प्युटर दोन्ही हातांनी छातीशी धरून, जणू ताप आलेलं लेकरूच. दसऱ्याला पंधरा दिवस होते. एम. जी. रोडवरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात ज्योत्स्ना एकटीच बसली होती.

"मेकॅनिक नाहीत का?"

"आहेत की. तुमच्याशीच बोलतायत."

तो असा काही लाजला की तिला तिथल्या तिथे आवडून गेला. गेम लावला की पंधरा मिनिटांत ग्राफिक्स कार्ड तापायचं आणि मशीन बंद पडायचं. तिनं धूळ झाडली, कार्डाची उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलली, हवेच्या वाटेतल्या वायरी बांधून बाजूला सारल्या. काम दोन दिवसांचं, पण तिनं ते पंधरा दिवस पुरवलं. तोही रोज 'सहज' डोकावत राहिला.

"वडील ओझरला कारखान्यात आहेत," एकदा तो म्हणाला. "म्हणतात, दसऱ्यानंतरची ही गेमची स्पर्धा हरलास तर कॉम्प्युटर विकायचा."

मग हा दुकानात कशाला येईल? त्या विचारानं तिनं बांधलेल्या वायरी पुन्हा एकदा तपासल्या.

खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. प्रत्येकाला हळदकुंकू, एकेक फूल. प्रफुल्लच्या मशीनला मात्र तिनं स्वतः ओवलेला झेंडूचा हार घातला… तोही झाकण उघडं असताना.

दसऱ्याला तिनं हार काढून झाकण लावलं आणि तो मशीन घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. 'केलेलं काम बघायला' म्हणून ज्योत्स्नाही गेली.

अंतिम फेरीत तो पुढे होता. पण पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत होता — ऐंशी, नव्वद, शंभर… पडद्यावर रंगीत पट्टे उमटले आणि मशीन बंद. दुरुस्तीला दहा मिनिटं मिळाली.

ती धावत स्टेजवर गेली. तिनं झाकण उघडलं. कार्डाच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या.

"काय झालंय?" शेजारी वाकून प्रफुल्लनं विचारलं.

"धूळ," ती म्हणाली. चिमट्यानं एकेक पाकळी उपसून तिनं मुठीत दाबली. पंखा बोटानं फिरवून पाहिला, कार्ड निवेपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घातला.

"ज्योत्स्ना, होईल ना?"

आजवर तो 'मॅडम' म्हणायचा.

"होईल. झाकण उघडंच राहू द्या."

पुढची वीस मिनिटं तिनं खेळ पाहिलाच नाही, फक्त तो आकडा पाहिला. सत्तरवर टेकला, तिथेच राहिला. टाळ्या वाजल्या तेव्हा तो जिंकल्याचं तिला कळलं.

तो गर्दीतून सरळ तिच्याकडे आला. "मूठ उघडा."

तिनं उघडली. पाकळ्या घामानं भिजल्या होत्या. "माझीच चूक. पूजेला हार मी घातला होता."

"सगळ्याच मशीनना?"

"नाही… बाकीच्यांना एकेक फूल."

ती मान वर करायला तयार नव्हती. मग त्यानं तिच्या तळहातावरच्या पाकळ्या हलकेच उचलून शर्टाच्या खिशात ठेवल्या.

"उद्या येतो दुकानात."

"का? आता कुठं बिघडलंय?"

"कुठंच नाही," तो म्हणाला. "कॉम्प्युटर घरीच ठेवून येतो."