निळ्या पडद्यासमोरची मुलगी

ही गोष्ट खरी आहे.

खरी आहे म्हटलं की लोक जास्तच संशय घेतात, हे ठाऊक आहे. पण आमच्या आम्रपालीला बनवून सांगता येत नाही. शाळेला दांडी मारली तरी संध्याकाळी स्वतःच येऊन सांगायची. अशा मुलीने भुताची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याची पंचाईत होते.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही.

साल २००६. एप्रिल महिना. सदाशिव पेठ. वेळ दुपारची, जेवणानंतरची. त्या वेळी पेठेत चोरसुद्धा वामकुक्षी घेत असतो. तेव्हा जे जागं असतं ते... माणूसच असेल असं नाही.

एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर डॉक्टर विजयमालाबाईंचं मनोविकार संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि दोन्हींत मिळून एक पंखा. वर यायला लोखंडी जिना. दारावर पाटी : ‘आत मेंदूचे काम चालू आहे. चपला बाहेर, गप्पा खाली.’

आम्रपाली तिथे सहायक होती.

काम सोपं होतं. नैराश्याचा त्रास असलेल्या माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि समोरच्या पडद्यावर चेहरे दाखवायचे. काही हसरे, काही दुःखी, काही कोरे. कोरे म्हणजे ज्यांवर कसलाच भाव नाही असे. एकेक चेहरा पुन्हा पुन्हा दाखवायचा. समोरच्याने बटण दाबून चेहरा कसा वाटला ते सांगायचं. तेवढ्यात टोपी मेंदूतल्या लाटा टिपून घ्यायची. चेहरा दिसला की प्रत्येकाच्या मेंदूत एक ठरावीक लाट उठते. मग तो चेहरा आईचा असो की घरमालकाचा.

‘येताना डोक्याला तेल लावू नये’ अशी सूचना आधी दिलेली असायची. ती वाचून माणसं चापून तेल लावून यायची. डॉक्टरकडे जायचं तर नीटनेटकं नको का जायला.

विजयमालाबाईंचं म्हणणं असं होतं, की खिन्न माणसाला कोऱ्या चेहऱ्यातही दुःख दिसतं. उपचार लागू पडले की ते दिसेनासं होतं. हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

सुरुवातीला फोटो परदेशी होते. पण ते गोरे लोक हसले तरी पुणेकरांना त्यात काहीतरी विकायचा डाव दिसे. म्हणून बाईंनी हौशी नाटकवाल्यांना बोलावलं, भिंतीवर निळा पडदा लावला आणि फोटो काढले. हसणारे पुष्कळ मिळाले. रडणारे तर आवरेनात. कोरा चेहरा मात्र कुणाला जमेना. नाटकवाल्याला ‘काहीही करू नका’ म्हटलं की तो फारच काहीतरी करतो.

शेवटी हेमा बसली.

नारायण पेठेत खोली घेऊन एकटी राहणारी मुलगी. दिवसा एका कंपनीत नोकरी, संध्याकाळी तालीम. पिवळी ओढणी सारखी केली, समोर बघितलं, झालं.

“याला म्हणतात कोरा,” बाई खूश झाल्या. “काय केलंस गं?”

“काही नाही,” हेमा म्हणाली.

सगळे हसले. हेमा हसली नाही.

नंतर दोन-चारदा ती आम्रपालीबरोबर डबा खायला आली. मग यायची थांबली. तालीम असेल, असं आम्रपालीला वाटलं. पुण्यात कुणी दिसेनासं झालं की तालीम असते किंवा अमेरिका.

पहिली खूण तात्यारावांच्या वेळी दिसली.

तात्याराव म्हणजे निवृत्तीनंतर घरात बोलणंच सोडलेले गृहस्थ. मुलाने आणून बसवलं आणि तो गेला. टोपी चढली. चेहरे सुरू झाले. खाली रस्ता चिडीचूप.

आणि जिन्यावर पावलं वाजली...

सावकाश. एकेक पायरी. लोखंड कुरकुरत होतं. पावलं वर आली आणि अगदी शेवटच्या पायरीवर थांबली.

“या ना, दार उघडंच आहे,” आम्रपाली हळूच म्हणाली.

कुणी आलं नाही.

ती उठून बघून आली. जिना रिकामा. दाराबाहेर चपलांचे दोनच जोड होते, एक तात्यारावांचा आणि एक तिचा स्वतःचा. तिच्या उजव्या चपलेचा तळ उसवला होता. चालताना फटक्-फटक् वाजायचा. आज शिवून घेऊ, उद्या घेऊ, असं चाललं होतं.

टोपी काढताना तात्याराव एकदम बोलले.

“ताई, त्या पिवळ्या ओढणीच्या मुलीची कुणी समजूत का घालत नाही? मघापासून रडतेय.”

बाई आल्यावर आम्रपालीने ते त्यांच्या कानावर घातलं.

“रडणारच,” बाई म्हणाल्या. “त्यांना कोऱ्या चेहऱ्यात दुःख दिसतं म्हणून तर बोलावलंय. झकास.”

पुढच्या आठवड्यात एक बाई म्हणाल्या, ती मुलगी खाली मान घालून बसते. नंतर एक प्राध्यापक आले. ते म्हणाले, तिने आता पाठ फिरवलीय, तुम्ही असे फोटो का ठेवता?

प्रत्येक वेळी आधी जिना वाजायचा. प्रत्येक वेळी पावलं शेवटच्या पायरीवर थांबायची.

आम्रपालीच्या पडद्यावर फोटो होता तसाच होता. पिवळी ओढणी, सरळ नजर, कोरा चेहरा.

विजयमालाबाईंचा आनंद वाढत होता. संशोधकाचं असंच असतं. समोरचं घर पेटलं तरी आधी उजेड मोजायचा.

मग सूरज आला.

सूरजला कसलाही त्रास नव्हता. तुलनेसाठी निरोगी माणसंही लागतात, त्यातला तो. हिंजवडीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. वडिलांच्या जमिनीवर कंपनी उभी राहिली आणि शेजारच्या कंपनीत तो सॉफ्टवेअर लिहायला लागला. चहा आणि क्रीमरोल मिळतो, एवढ्या भांडवलावर मित्राने त्याला पाठवलं होतं.

त्या दुपारी पंखाही बंद होता. लाइट गेलेले, यंत्रं बॅटरीवर.

जिना वाजला नाही.

आम्रपाली वाट बघत होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. काहीच वाजलं नाही. रस्त्यावर एक सायकलसुद्धा नाही. अशी शांतता... की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा.

“मॅडम,” सूरज बाहेर येत म्हणाला, “तुमची एक इमेज लोड होत नाहीये.”

“कुठली?”

“चेहराच नाही ना. नुसता ब्लू पडदा येतोय. बाकी सगळे ओके आहेत. फाइलचा पाथ चेक करा, सिम्पल बग असणार.”

आम्रपालीने एकेक फोटो उघडून दाखवला. हेमाच्या फोटोशी ती थांबली.

“ही कोण?” सूरज म्हणाला. “हिला मी बघितलंच नाही.”

तो क्रीमरोल खात निघून गेला. आम्रपालीने त्याच्या मेंदूचा आलेख काढला. प्रत्येक चेहऱ्याला ती ठरावीक लाट उठली होती. हसऱ्याला, रडक्याला, कोऱ्याला.

हेमाच्या फोटोला उठली नव्हती.

रेघ सपाट होती. त्या मेंदूच्या मते समोर कुणीच नव्हतं.

तिने तो कागद बाईंच्या पुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

“टोपी सैल असेल.”

“बाकीच्या चेहऱ्यांना घट्ट होती का, मॅडम?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ती मुलगी राहते कुठे?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “जा तू. आत्ता जा. तिला इथे घेऊन ये.”

आम्रपाली नारायण पेठेत पोचली तेव्हा घरमालकीण तुळजाबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या.

“हेमा आहे का?”

“असेल. दार तर आतून बंद असतं.”

“कधीपासून?”

“भाडेकरूच्या दारावर पाळत ठेवायची आमच्यात पद्धत नाही,” तुळजाबाई म्हणाल्या. मग हातातला गहू परातीत टाकत खालच्या आवाजात म्हणाल्या, “दूधवाल्याला तिने नको म्हणून सांगितलंय. कायमचं.”

आम्रपालीने दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. आत नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज. ती दाराशी बसली आणि बोलत राहिली. काय बोलली ते तिला आठवत नाही. डबा, जिना, उन्हाळा, असलंच काहीतरी.

खूप वेळाने कडी निघाली.

हेमा समोर उभी होती. केस विस्कटलेले. चेहरा... फोटोतलाच.

“कशी आहेस?”

“ठीक.”

एवढ्यावर माणूस परत जातो. आपण सगळेच जातो. पण आम्रपालीच्या डोळ्यांपुढे ती सपाट रेघ होती. तिने आडवळण न घेता विचारलं.

“हेमा, मरावंसं वाटतंय का तुला?”

हेमाने तिच्याकडे बघितलं. मग दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

“तुला कुणी सांगितलं?” ती म्हणाली. “मी तर कुणालाच बोलले नाही.”

आजचाच दिवस तिने ठरवला होता.

आम्रपालीने तिचा हात धरला तो केंद्रात पोचेपर्यंत सोडला नाही. विजयमालाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, अनवाणी. त्या दिवसापासून हेमाचे उपचार सुरू झाले. वेळ लागला, पण ती सावरली. आज ती दुसऱ्या गावी असते, सुखात आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

हेमा थोडी बोलायला लागल्यावर आम्रपालीने एकदा विचारलं, “वरपर्यंत येऊन तशीच परत का जायचीस गं? दार उघडंच असायचं.”

“मी?” हेमा म्हणाली. “मी खोलीच्या बाहेर कुठे पडत होते?”

मग थोडं थांबून म्हणाली, “मनात मात्र रोज यायचे. तुला सांगायला. शेवटच्या पायरीशी आलं की धीर व्हायचा नाही.”



हेमाचा फोटो बाईंनी काढून टाकला. त्याच्या जागी दुसरा कोरा चेहरा हवा होता. नाटकवाले नको, हे ठरलेलंच होतं.

“तूच बस,” बाई आम्रपालीला म्हणाल्या. “तुझा चेहरा हल्ली कोराच असतो.”

ती निळ्या पडद्यासमोर बसली. काही करावं लागलं नाही.

तिचा डबा हल्ली न उघडताच परत घरी जायचा. रात्री झोप यायची नाही. उकाडा आहे, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. घरी कुणी विचारलं की म्हणायची, ठीक.

जूनमध्ये तात्याराव पुन्हा आले. उपचार लागू पडले होते. एकटे आले, बसने आले आणि कंडक्टरशी भांडून आले, म्हणजे पूर्ण बरे झाले होते. डोक्याला भरपूर तेल. तपासणी मस्त झाली. कोऱ्या चेहऱ्यांना त्यांनी कोरंच म्हटलं.

एक सोडून.

जाताना ते दाराशी घुटमळले.

“ती पिवळ्या ओढणीची गेली वाटतं?”

“हो. बरी आहे ती आता.”

“छान, छान.” त्यांनी चप्पल पायात सरकवली, पुन्हा काढली. “पण ताई, तिच्या जागी जी आलीय...”

“तिचं काय?”

तात्याराव तिच्याकडे बघत राहिले. बऱ्या झालेल्या माणसाच्या स्वच्छ डोळ्यांनी.

“तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?”

“ठीक,” आम्रपाली म्हणाली.

ते गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरत विरून गेली. बाहेर दुपार. रस्ता चिडीचूप.

मग जिना पुन्हा वाजला...

खालून वर. सावकाश. एकेक पायरी. आणि प्रत्येक पायरीला मागून एक आवाज.

फटक्...

फटक्...

शेवटच्या पायरीवर तो थांबला.

आम्रपालीने दार उघडलं. जिना रिकामा होता. तिच्या चपला दाराबाहेर, सकाळी काढून ठेवल्या होत्या तिथेच होत्या.

त्या दिवशी ती खाली उतरली नाही. आत वळली, विजयमालाबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, “मॅडम, मला बोलायचंय.”

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ती इमारत गेली, जिना भंगारात गेला. आम्रपाली हसते, जेवते, आम्हाला टोमणे मारते.

पण अधूनमधून एखाद्या दुपारी ती गप्प बसलेली दिसते. कशी आहेस विचारलं की म्हणते, “ठीक.” चेहरा तेव्हा अगदी कोरा असतो.

आम्ही उठत नाही. थोडं थांबून पुन्हा विचारतो.

आणि ती उत्तर देईपर्यंत, उगाच, घराच्या जिन्याकडे कान लावून असतो.