करवतीवरची मूठ

"मावशी, यांना पोलिसांनी नेलं!" म्हणत सुताराची सून दारातच मटकन बसली.

मावशींनी कॉलेजात तीस वर्षं शरीरशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या लोकांचे गुंते सोडवत. भाचा बरोबर असे, तो पिशवी धरायला आणि 'मला वाटलंच होतं' असं मागाहून म्हणायला.

सून सांगू लागली. सकाळी दहाला सासरे त्यांच्या भागीदाराला कारखान्यात मेलेले सापडले. डोकं लाकूड आवळायच्या लोखंडी शिकंज्यावर आपटलेलं, मुठीत हातकरवत. सगळं अंग लाकडासारखं ताठ. म्हणून डॉक्टरांनी मृत्यू रात्री दोनचा धरला. अंग कोमट होतं, पण ते जवळच्या शेगडीमुळे, असं त्यांचं म्हणणं. रात्री त्यांच्याबरोबर फक्त तिचा नवरा होता. बापलेकांचं भांडणही झालेलं. पहाटे पाचला तो दारं पोचवायला टेम्पो घेऊन गेला.

सुनेला घेऊन दोघं कारखान्यात गेली. तिथे वीजकरवतीशेजारी फळ्यांच्या तुकड्यांचा ढीग होता. प्रत्येक तुकडा किडीनं पोखरलेला.

"शाळेच्या नव्या जिन्यासाठी भागीदारानं आणलेलं लाकूड," हवालदार म्हणाला. "म्हाताऱ्याचा बनियन घामानं चिंब होता."

समोरची इस्त्रीवाली वैतागलेलीच होती. "सकाळी सहा ते आठ वीज गुल! तार तुटली, तीही फक्त आमच्याच गल्लीत. इस्त्री थंडगार!"

नदीपलीकडे राहणारा भागीदार डोळे पुसत म्हणाला, "मी दहापर्यंत घरीच होतो. काय माणूस! या वयात, वीज नसताना, एवढ्या फळ्या हातानं कापल्या."

मावशींनी मान डोलावली. "बसा ना जरा."

"पण मावशी, एवढं ताठ व्हायला सात-आठ तास लागतात ना?" भाच्यानं विचारलं.

"शांतपणे गेलेल्याला लागतात. स्नायूत बारीक तंतू असतात. एकाचे आकडे दुसऱ्याला पकडून ओढतात, तेव्हा हात आखडतो. गंमत अशी, की आकडा सोडवायलाही इंधन लागतं. मेल्यावर नवं इंधन बनत नाही. साठा संपला, की आकडे अडकून बसतात. यांनी तर जिवाच्या आकांतानं कापून तो आधीच संपवला होता. दोन-अडीच तासांत ताठले."

"म्हणजे गेले साडेसातच्या सुमारास?"

"हो. मशीन शेजारी असताना हातकरवत कोण धरेल? वीज गेल्यावरच. रात्री वीज होती, आणि मुलगा पाचलाच निघाला होता." मावशी भागीदाराकडे वळल्या. "वीज आठला आली. डॉक्टर रात्री दोन म्हणत असताना, दहाला आलेल्या तुम्हाला कसं कळलं, की त्यांनी वीज नसतानाच कापलं?"

भागीदाराचा चेहरा उतरला.

"किडकं लाकूड तुम्हीच आणलंत. कुणी ते जिन्याला लावू नये, म्हणून तुमचे भागीदार त्याचे तुकडे करत होते."

त्यानं शिकंज्याकडे पाहिलं. मग पुटपुटला, "नुसता ढकलला हो. पडल्यावर दोनदा हाक मारली मी."

हवालदारानं त्याचा दंड धरला.

"मग हे सुटतील?" सुनेनं विचारलं.

"आजच."

ती उठली आणि चपला न घालताच पोलीस ठाण्याकडे धावत सुटली.