कलमी गळा

त्या काळात गायक स्टुडिओत येत नसत, त्यांचे गळे येत. शलाका गुरवचा गळा मिरजेच्या स्टुडिओत काचेच्या बरणीत, कोमट खारट पाण्यात तरंगत होता. शलाका मात्र स्वतःही आली होती, शेजारच्या स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसली होती.

गुलाबाची फांदी छाटून मातीत खोचली की नवं झाड धरतं, तशीच ही रीत. गायकाच्या स्वरतंतूंच्या थोड्या पेशी घ्यायच्या, बरणीत वाढवायच्या, खालून नळीने हवा सोडायची. तंतू थरथरून गाऊ लागत. लोक याला कलमी गळा म्हणत. चाल लक्षात राहावी म्हणून मसुराएवढा मज्जापेशींचा गोळाही त्यात रुजवलेला असे. हवेची झडप त्याच्याच ताब्यात.

शलाका ज्यात गायची त्या 'तांबडा पत्रा' या रॉक बँडचा हा पहिला अल्बम. आयुष्य जत्रांमधून ओरडण्यात गेलं, तेव्हा कुठे स्टुडिओ दिसला. बाकी गाणी झाली होती. शेवटचं अडलं होतं. ध्रुवपदाच्या तोंडाशी आलं की झडप मिटायची.

"नाटकं करायला लागलाय की गं तुझा गळा!" ड्रमवाला सादिक म्हणाला. "अगदी मालकिणीवर गेलाय."

"बिघडलाय का, डॉक्टर?" शलाकाने विचारलं. तिचा आवाज म्हणजे आता नुसती कुजबुज.

"दमलाय," स्टुडिओतल्या बरण्या सांभाळणाऱ्या डॉ. हेमांगी तांडेल म्हणाल्या. "दमणं एकट्या स्नायूचं नसतं. 'आता पुरे' हे मज्जापेशी सांगतात. आपण त्यांना लक्षात ठेवायला शिकवलं. नको म्हणायला त्या आपल्याआपण शिकल्या."

"नको म्हणतंय ते कोण?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आत कोणी नाही हो. औषधाचा एक थेंब सोडते. गाणं पुरं होईल, मग तंतू फाटतील. नाहीतरी रेकॉर्डिंग झालं की बरणी आम्ही रिकामीच करतो."

"मलाही इंजेक्शनच दिलं होतं," शलाका म्हणाली. "इचलकरंजीच्या कार्यक्रमाआधी. गाणं पुरं झालं होतं."

सादिकने काठ्या हळूच खाली ठेवल्या.

शलाकाचे वडील, नाना, कीर्तन करायचे. लहानपणी ती त्यांच्यामागे झील धरून उभी असायची. बुवा दम घ्यायला थांबले की मागच्यांनी ओळ उचलायची, खाली पडू द्यायची नाही, ती झील. देवापुढे दमायची कसली लाज, नाना म्हणायचे, फक्त मागे कुणीतरी हवं.

ती उठली. काचेला ओठ लावून त्या फाटक्या कुजबुजीत तिने ध्रुवपद धरलं. पाणी शहारलं. तिचा श्वास संपला, आणि झडप उघडली. बरणीने ओळ उचलली, शलाकाच्याच जुन्या, भरल्या आवाजात. सादिकने घाईने ठेका धरला. एक ओळ हिची, एक बरणीची, असं करत गाणं पुरं झालं.

"झालं बाई तुमचं रेकॉर्डिंग," डॉक्टर डोळे टिपत म्हणाल्या, आणि सवयीने त्यांचा हात बरणी रिकामी करायच्या बटणाकडे गेला.

बरणीने ध्रुवपद पुन्हा सुरू केलं. एकच ओळ. मग थांबली. झडप उघडीच होती.

"आत कोणी नाही म्हणालात ना, डॉक्टर?" सादिकने विचारलं.

डॉक्टरांचा हात बटणावरच राहिला. "तुम्ही गाताय तोवर नाही बंद करवत मला," त्या शलाकाला म्हणाल्या.

"नको, शलाका," सादिक म्हणाला. "आहे तोही आवाज जाईल."

शलाकाला फार झोप आली होती. तिने पुन्हा काचेला ओठ लावले आणि ओळ उचलली.