शिंगाच्या मुठीची सुरी

ठेव ती खाली, एसेकिएल. उद्या रानडुकरावर जायचंय ना तुम्हा दोघांना? मग सुरी अशी कोरड्या हाताने निवडत नाहीत. कोरड्या हाताला सगळ्याच सुऱ्या बऱ्या वाटतात. ही चरबीची वाटी घे, बोटं बुडव, मुठीला चोळ आणि या ओंडक्यात खुपसून बघ... सरकला ना हात पुढे? हसू नकोस फाकुंदो, तुझाही सरकेल. चाळीस वर्षं मी या दुकानात खोगिरं, लगाम आणि सुऱ्या विकतोय. गिऱ्हाइकापुढे आधी वाटी, मग सुरी, हा माझ्या बापापासूनचा रिवाज. मी तो एकदाच मोडला. मातेचा कडू चहा भर, दार लावून घे, सांगतो.

लिसांद्रो बुस्तोस तुम्हाला आठवत नसणार. देल्फिनाचा नवरा. कुंपणाच्या तारा ओढायचं काम करायचा, हसतमुख माणूस, पण शिकारीत अगदीच नवखा. देल्फिनाचा थोरला भाऊ निकानोर मात्र वीस वर्षं रानात जाणारा. बंदूक नाही, कुत्री आणि सुरी. कुत्र्यांनी डुक्कर धरून ठेवायचं, एकाने मागचे पाय उचलायचे आणि दुसऱ्याने खांद्यामागे सुरी घालायची.

२०१६ च्या फेब्रुवारीत दोघं सुरी घ्यायला आले. लिसांद्रोकडे नव्हतीच, निकानोरची मोडलेली. माझ्याकडे रानात न्यायच्या लांबीच्या दोनच उरल्या होत्या. एक ओबडधोबड, लाकडी मुठीची, पण मूठ आणि पातं यांच्या मध्ये लोखंडाची आडवी पट्टी, हात पुढे घसरू नये म्हणून. दुसरीची मूठ हरणाच्या शिंगाची, घासून काचेसारखी केलेली. तिला पट्टी नाही. रविवारच्या जेवणात भाजलेलं मांस कापायला ती झकास होती.

लिसांद्रोच्या हातात आधी पट्टीवालीच आली.

"मेहुण्या, दोन्हीपैकी कुठली घेऊ?"

"ती? ती खाटकाची दिसते. शिंगाची घे. जरा माणसात आल्यासारखा दिसशील."

"खरं सांगतोस की फिरकी घेतोस माझी?"

"अरे, सख्खी बहीण दिलीय तुला. सुरी वाईट देईन?"

आणि निकानोरने माझ्याकडे पाहिलं. मला समजलं. पट्टीवाली त्याला स्वतःला हवी होती. वाटी माझ्या पायाशी फळीखाली होती, वाकून वर ठेवायचा अवकाश. मी वाकलो नाही. निकानोर जुना दोस्त, आणि ती शिंगाची दोन वर्षं कुणी उचलत नव्हतं. एवढंच कारण, पोरांनो. सांगताना आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात शनिवारी रात्री कुत्र्यांनी मोठा नर धरला. निकानोरने पाय उचलले, लिसांद्रो सुरी घेऊन वाकला. पातं हाडावर अडलं. मूठ रक्ताने माखलेली, हात सरळ धारेवर गेला, चारही बोटं हाडापर्यंत. सुरी सुटली, डुक्कर फिरलं आणि त्याच्या सुळ्याने मांडी आतून फाडली. दवाखाना साठ किलोमीटरवर. दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही तो.

निकानोरने बहिणीला काय सांगावं? "मी नको म्हणत होतो. त्यालाच ती चकचकीत हवी होती."

तिने मानलं. का नाही मानणार, सख्खा भाऊ. दर रविवारी थडग्यावर फुलं ठेवायची आणि मेलेल्या माणसाला शिव्या घालायची. "नटव्या, एका मुठीच्या चकाकीपायी मला उघड्यावर टाकलंस!" मी एकदा मागेच उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो.

आता ऐका. २०१७, नऊ जून, शुक्रवार. पौर्णिमा. जूनमधला ऐन हिवाळा, गारठा असा की बादलीतलं पाणी संध्याकाळीच गोठलं होतं. देल्फिनाच्या घरात मांस नव्हतं, म्हणून निकानोर एकटाच निघाला. एकटं कुणी जात नाही, पण लिसांद्रोनंतर त्याला जोडीदार मिळेना. सोबत दोन कुत्री, त्यातली पिवळी कुत्री लिसांद्रोची. अकराच्या सुमाराला जुन्या पाणवठ्याजवळ, काल्देनच्या झाडांत, कुत्र्यांनी डुकराची एक मादी धरली. लहानच होती, त्याने एकट्याने मारली. सुरी तीच, पट्टीवाली.

जनावर लगेच उघडावं लागतं, नाहीतर आतड्यांनी मांस नासतं. त्याने मादीला उताणं केलं आणि पोटाला सुरी लावली. एकट्याला हे अवघड जातं. मागचा पाय सारखा आडवा येतो, आणि टोक जरा खोल गेलं की आतडं फुटलंच. पण त्या रात्री काम कसं सुरळीत चाललं होतं. कातडं सैल पडत होतं. पाय मध्ये येत नव्हता. तो खाली बघतच म्हणाला, "अजून जरा वर धर."

पाय वर गेला.

त्याने आणखी वीतभर कापलं. आणि मग हात थांबला.

आपण कुणाला म्हणालो?

वर बघायची हिंमत होईना. त्याने कुत्र्यांकडे पाहिलं. दुसरा, काळा कुत्रा, पोटावर सरपटत मागे चाललेला. पिवळी मात्र बसून होती. शेपटी जमिनीवर आपटत. कुणीतरी ओळखीचं घरी आल्यावर आपटते तशी. तिची नजर... निकानोरच्या डोक्याच्या वर.

पाय तसाच. हवेत. सरळ.

मग अगदी जवळून आवाज आला. रागावलेला नाही. साधा. विचारणारा.

"मेहुण्या... दोन्हीपैकी कुठली घेऊ?"

निकानोरने तोंड उघडलं. एक शब्द सांगायचा होता. एकच...

नाही निघाला.

"सांग ना... कुठली?"

तो उठला. पळाला. सुरी तिथेच, गाडी तिथेच. पहाटे चार वाजता माझं दार बडवत होता. अंगावर कोट नव्हता. हे सगळं त्याने मला चुलीपुढे बसून सांगितलं, दात वाजत होते त्याचे.

उजाडताना निकानोरला घेऊन मी माझी गाडी काढली. वाटेत देल्फिना तिच्या फाटकातच उभी होती, मांसासाठी पातेलं घेऊन. ती म्हणाली, मीही येते. नको कसं म्हणणार?

रान पांढरंफटक झालं होतं. गवतावर, सुरीवर, मादीच्या केसांवर गोठलेलं दव. धडाला कोल्हेसुद्धा शिवले नव्हते. ती उताणी पडलेली, एक पाय बाजूला कललेला. आणि दुसरा सरळ वर. उभा. लाकडासारखा ताठ.

जनावर ताठायला चार-पाच तास लागतात, पोरांनो. तोवर पाय कुणी सोडला की तो पडतोच.

"निकानोर, कोण होतं रे बरोबर?" देल्फिनाने विचारलं.

"कुणी नाही."

"मग हे कुणी धरलं?"

निकानोर बुटांकडे बघत राहिला. तेव्हा मी बोललो. सगळं. दोन सुऱ्या, लिसांद्रोने काय विचारलं, निकानोरने काय सांगितलं, मी वाटी कशी काढली नाही. निकानोरने एकदाही "खोटं आहे" म्हटलं नाही.

देल्फिना रडली नाही. तिने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवसानंतर ती आम्हा दोघांशीही बोललेली नाही. रस्त्यात दिसली तर मीच पलीकडे जातो.

"सोळा महिने," ती म्हणाली. "सोळा महिने मी त्याला शिव्या देत होते."

मग तिने तो पाय पाहिला. खुराच्या वर, चार बोटं रुंद जागा. बाकी सगळा पाय पांढरा, तेवढ्या जागी दव नव्हतं. तिने हातमोजा काढला आणि तिथे हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"गरम आहे," ती म्हणाली.

ती गाडीकडे गेल्यावर मीही हात लावला...

गरम होता.