ऑर्डर कुणाच्या नावावर

कराडच्या शैलाताई माळवदेंनी टेप खुंटीला टांगून तीन वर्षं झाली होती. आता दुकानात कपाटाएवढं मापघर उभं होतं. बाईनं आत जायचं, हात पसरायचे, दहा अंक मोजायचे, की झालं. मापघराच्या लहरी कपड्यांतून थेट कातडीच्या चार बोटं आत जात. त्यामुळे ब्लाउज असा बसे, की उसवायचं नावच नको.

पण लहरींना काय, वाटेत गाठ आली की तीही दिसायची. शोधायला न जाता सापडलेल्या अशा गोष्टीला सरकारी कागदात ‘अनाहूत नोंद’ म्हणत. नियम साफ होता. ऑर्डर ज्याच्या नावावर, नोंद त्याच्याच फोनवर जाणार. शिंप्यानं तोंड उघडलं तर परवाना रद्द. हा नियम करणारा शहाणा जन्मात कधी लग्नाच्या बस्त्याला गेला नसणार! नवरीचा शालू आणि त्यावरचा ब्लाउज मुलाकडचे करतात, हे त्याला कोण सांगणार?

फेब्रुवारीत हेमाताई शिर्के होणाऱ्या सुनेला घेऊन आल्या. मुलीचं नाव ओवी, शाळेत विज्ञान शिकवायची, तोंडाला खळ नाही. ऑर्डर अर्थातच हेमाताईंच्या नावावर झाली.

“आई, मागं गोंडे हवेत हं, चांगले मोठे!” ओवी मापघरातूनच ओरडली.

“लाव बाई, हवे तेवढे,” हेमाताई हसल्या.

शैलाताईंच्या पडद्यावर आकृती उमटली. छातीत उजवीकडे एक बारीकसा तांबडा ठिपका होता. त्याच वेळी हेमाताईंचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

“बरोबर आलं ना माप?” ओवीनं बाहेर येत विचारलं.

“आलं. चल, उशीर होतोय.”

चौथ्या दिवशी हेमाताईंचा फोन आला. “तो ब्लाउज शिवू नका. लग्न मोडलंय. पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलंय त्यांना.”

“पण तिला ते... गाठीचं सांगितलंत का?”

“मी कशाला सांगू? उद्या म्हणतील, आजारी निघाली म्हणून पोरगी टाकली. गावात तोंड दाखवायचंय आम्हाला. आणि तुम्हीही गप्प बसा, परवान्याचं बघा.”

शैलाताई गप्प बसल्या. दोनदा ओवीचा नंबर काढला, दोनदा फोन खाली ठेवला. दिसेल तिचं तिला, असं मनाला बजावत त्यांनी अख्खी लग्नसराई मापं घेतली. भेकड होती बाई, दुसरा शब्द नाही. तिला स्वतःलाही ते कळत होतं, जेवण गोड लागत नव्हतं, पण तोंड काही उघडलं नाही.

सप्टेंबरात ओवी पुन्हा आली, एकटीच. जरा वाळली होती.

“मावशी, मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळालाय! समारंभाला नवा ब्लाउज हवा. मागच्या वेळचे गोंडे राहूनच गेले, ते लावा. आणि ऑर्डर माझ्याच नावावर घ्या.”

शैलाताईंनी खुंटीवरची टेप ओढली. “आज यंत्र बंद आहे गं. टेपनं घेते माप.”

“बंद कसलं? दिवा तर लागलाय की,” म्हणत ओवी आत शिरलीसुद्धा.

दहा अंक झाले. या वेळी फोन ओवीचा वाजला. ती उभ्या उभ्या वाचू लागली.

“‘उजव्या स्तनात गाठ, चौतीस मिलिमीटर. तातडीने डॉक्टरांना दाखवा.’” खाली आणखी एक ओळ होती. ती तिनं वर्गात वाचून दाखवावी तशी, एकेक शब्द सुटा करत वाचली. “‘मागील माप चौदा फेब्रुवारी. गाठ आठ मिलिमीटर. ऑर्डरदारास कळवले.’”

ओवी स्टुलावर बसली. “म्हणजे आईंना... हेमाताईंना माहीत होतं. पत्रिका वगैरे सगळं खोटं.”

शैलाताईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला नाही. ती वळून पडद्याकडं बघत होती. तांबडा ठिपका आता लिंबाएवढा झाला होता.

“मावशी, हा पडदा तर तुमच्याकडं तोंड करून असतो,” ती म्हणाली. “तेव्हाही असाच होता ना?”