पालथा पाव

आधी तो पाव सरळ कर, एलोइ. कितीदा सांगायचं? पालथा पाव जल्लादाचा. पूर्वी बेकरीवाला त्याचा पाव असा उलटा काढून ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी हात लावायला नको. हसू नका रे! अक्रोड फोडता फोडता ऐका. माझा दोस्त गास्पार गाडीतून वाडीवाडीवर पाव पोचवायचा. त्याच्यादेखत घडलेलं सांगतोय.

गेल्या साली, दोन नोव्हेंबर. मेलेल्यांचा दिवस. संध्याकाळी सहालाच मिट्ट काळोख. गास्पारची शेवटची खेप टेकडीवर, झेलीआजीच्या घरी. म्हणजे आता तिच्या भाच्याच्या, रेझिसच्या घरी. त्या हलकटाने काय केलं माहितेय? "मावशी, थोडे दिवस हवापालट कर," म्हणून तिला वृद्धाश्रमात नेऊन टाकलं, आणि इकडे खिडक्यांना निळा रंग फासून पॅरिसच्या पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. ती मंडळी काय, शेणाचा वास आला तरी 'अहाहा, काय हे खेड्यातलं सुख' करतात! म्हातारी तिकडे दाराशी बसून रोज विचारायची, "माझा रेझिस आला का न्यायला?" घरी जायचं, घरी जायचं करत उन्हाळ्यात गेली बिचारी. अजून आठवलं की रक्त उकळतं माझं.

तर गास्पारने मोठा गोल पाव टेबलावर ठेवला. रेझिस तांब्याची भांडी घासत होता.

"मावशीच्या कबरीवर शेवंती ठेवलीस का रे?"

"वेळ कुठाय? उद्या पाहुणे येतायत."

"आज तिचा दिवस आहे, मेल्या!"

"तिला काय, पडलीय निवांत. घर आता माझं आहे." असं म्हणत रेझिस वळला. "आणि पाव पालथा काय ठेवलास? मस्करी करतोस?"

गास्पारने तर सरळ ठेवला होता.

रेझिसने पाव सरळ केला. भांडं उचललं. मागे बघितलं.

पालथा.

दोघंही टेबलापासून लांब होते...

"रेझिस, बाहेर चल."

"मी? माझ्या घरातून?" रेझिसला चेव चढला. सुरी घेतली, त्या पालथ्या पावाचीच जाड फोड कापली, तोंडात कोंबली.

चावला.

थांबला.

चावण्याचा आवाज थांबला नाही.

मचमच... मचमच... टेबलापलीकडून. रिकाम्या खुर्चीतून.

"मावशी..." एवढंच त्याच्या तोंडून आलं. आणि घास अडकला. डोळे पांढरे. गास्पारने पाठीत गुद्दे घालून घास बाहेर काढला, त्याला ओढत गाडीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

जगला. पण त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही. शहरात बहिणीकडे असतो. पावाचा तुकडा घशाखाली उतरत नाही, नुसतं सूप पितो. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. बरं झालं, मी तर म्हणतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी गास्पार कुलूप लावायला गेला. दिवा तसाच जळत होता. टेबलावरचा पाव उचलला, तर हाताला हलका लागला. कापल्या बाजूने आत बघितलं...

आतलं सगळं मऊ मऊ कुणीतरी खाल्लेलं. वरचं कडक साल तेवढं अख्खं. उंदीर म्हणाल, तर कुठे कुरतडल्याची खूण नाही.

झेलीआजीला शेवटी शेवटी एकही दात उरला नव्हता, पोरांनो.